होमस्टेडची मूळ फाइल कशी मागवावी: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

अमेरिकेच्या पश्चिम भागात पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या पूर्वजांचा शोध घेणारे बरेच जण होमस्टेडची, म्हणजे तिथे राहून कसण्याच्या अटीवर सरकारने दिलेल्या जमिनीची, सनद हाती लागली की थांबतात. सनद हा त्या प्रकरणातला शेवटचा कागद असतो. घरातल्या माणसांची माहिती मिळते ती त्यामागच्या मूळ फाइलमध्ये. म्हणून अर्ज फाइलसाठीच करावा.

अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेल्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळू शकत असे. त्यासाठी अर्जदार कुटुंबप्रमुख किंवा २१ वर्षांचा असावा लागे, आणि तो अमेरिकेचा नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने रीतसर जाहीर केलेला असावा, अशी अट होती. अविवाहित स्त्रिया आणि विधवा यांनाही स्वतःच्या नावाने अर्ज करता येई. विवाहितेचा शोध मात्र बहुधा नवऱ्याच्या फाइलमध्येच घ्यावा लागतो.

पाच वर्षे तिथे राहून जमीन कसल्यावर दोन साक्षीदारांसह जबाब द्यावा लागे. घर केवढे बांधले, किती एकर नांगरट केली, विहीर खणली का, कुटुंबात माणसे किती, हे सारे त्या जबाबात येते. साक्षीदार बहुधा शेजारी असत आणि शेजारी अनेकदा नात्यातले निघतात, म्हणून त्यांची नावेही टिपून ठेवावीत. परदेशातून आलेल्यांच्या फाइलमध्ये नागरिकत्वाच्या कागदांची नक्कल सापडते. १८९० च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रे १९२१ च्या आगीनंतर उरली नाहीत, त्यामुळे त्या काळासाठी या जबाबांचे मोल फार मोठे आहे.

आज ही फाइल कोणालाही मागवता येते. वंशज असल्याचा पुरावा लागत नाही. आधी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकेच्या सरकारी जमिनींचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या जनरल लँड ऑफिस नोंदींच्या संकेतस्थळावर नाव आणि राज्य घालून सनद शोधावी. तिच्यावरून भूमी कार्यालयाचे नाव, अंतिम प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जमिनीचे वर्णन, म्हणजे टाउनशिप, रेंज, सेक्शन (सरकारी मोजणीत जमिनीची जागा सांगणारे विभाग) व सेक्शनचा भाग, जसेच्या तसे उतरवून घ्यावे. एक सेक्शन ६४० एकरांचा, म्हणून पूर्ण होमस्टेड हा त्याचा चौथा हिस्सा असे. हा तपशील एनएटीएफ ८४ या अर्जात भरून तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे शुल्कासह द्यावा, किंवा ऑनलाइन मागणी नोंदवावी. १९०८ पूर्वीच्या फाइलींसाठी हाच मार्ग आहे. नेब्रास्कातील होमस्टेड फाइली मात्र डिजिटल स्वरूपातही उपलब्ध आहेत, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या ऑनलाइन शोधून पाहाव्यात.

सनद सापडली नाही म्हणून शोध सोडू नये. दुष्काळाने किंवा कर्जाने खचून अनेकांनी पाच वर्षे पुरी होण्याआधी जमीन सोडली; त्यांना सनद मिळाली नाही, पण फाइल तयार झालेली असते. अशा वेळी ट्रॅक्ट बुक, म्हणजे जमिनीच्या क्रमाने ठेवलेले नोंदवहीचे खंड चाळावे लागतात. मूळ १३ राज्ये, केंटकी, टेनेसी आणि टेक्सास येथील जमिनी या व्यवस्थेत नव्हत्या. तिथल्या पूर्वजांसाठी त्या त्या राज्याच्या व काउंटीच्या दप्तराकडेच अर्ज करावा.