ग्रेडियंट मॅप
ग्रेडियंट मॅप : छायाचित्रातील प्रत्येक पिक्सेलची उजळता मोजून त्याजागी ठरावीक रंगक्रमातला रंग बसवण्याची संपादनपद्धत. चित्रावर रंगांचा पट्टा ओढणाऱ्या ग्रेडियंट टूलमध्ये रंग पिक्सेलच्या जागेवरून ठरतो, इथे उजळतेवरून. क्रमाचे डावे टोक सावल्यांना लागते, उजवे उजेडाला.

या पद्धतीचा उगम दोन ठिकाणी दाखवला जातो. एक म्हणजे डार्करूममधले टोनिंग (छापील छायाचित्राला रसायनाने छटा देणे) आणि छपाईतले ड्युओटोन. सेपिया टोनिंगमध्ये चांदीचे सल्फाइड होऊन तपकिरी छटा येते, तर ड्युओटोनमध्ये एकच छायाचित्र दोन शायांत छापतात. दुसरा म्हणजे फ्रेमबफरमधली (पडद्यावरचे चित्र साठवणाऱ्या स्मृतीतली) रंगसारणी, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणता रंग याची यादी. झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात रिचर्ड शूप यांनी साधारण 1973च्या सुमारास उभारलेल्या सुपरपेंट या चित्रप्रणालीमध्ये प्रत्येक पिक्सेल 8 बिटांचा आकडा होता आणि त्याचा रंग 256 घरांच्या सारणीतून येई. आवड टोनिंगने लावली असेल, पण यंत्रणा सारणीचीच वाटते. सावलीला पिवळा आणि उजेडाला काळा रंग सारणीत सहज देता येतो, टोनिंगमध्ये नाही.

फोटोशॉपमध्ये ही सोय अ‍ॅडजस्टमेंट लेयर म्हणून, म्हणजे मूळ चित्र न बदलणारा वरचा थर म्हणून मिळते. गिंप या संपादन-सॉफ्टवेअरच्या 2.10 आवृत्तीत ती कलर्स मेनूतल्या मॅपखाली असून निवडलेला ग्रेडियंट थेट लेयरवर लागतो, म्हणून आधी लेयरची प्रत काढावी. व्यक्तिचित्रासाठी 0 टक्क्यावर गडद निळा, 55–60वर विटकरी आणि 100वर सायीसारखा पांढरा ठेवून पाहावा. ब्लेंड मोड (थर खालच्या चित्रात मिसळण्याची रीत) सॉफ्ट लाइट, ओपॅसिटी (थराचा ठळकपणा) 15 ते 30 टक्के. मूळची उजळता जपायची असेल तर ब्लेंड मोड कलर. मधला रंग शेवटच्या रंगाहून उजळ झाला, तर चेहऱ्याचा तेवढा भाग निगेटिव्हसारखा उलटा दिसतो.

खरी अडचण उजळतेच्या हिशेबात आहे. लाल, हिरवा, निळा यांना 0.299, 0.587, 0.114 असा प्रचलित भार दिला, तर 0 ते 255च्या मापात शुद्ध लाल (255, 0, 0) जास्वंदीची उजळता 76 येते आणि (0, 130, 0) अशा हिरव्या पानाचीही 76च. फूल आणि पान एकाच रंगात बुडतात; मग क्रम कितीही बदलला तरी ती सुटी होत नाहीत. उपाय असा : ग्रेडियंट मॅपच्या खाली ब्लॅक अँड व्हाइट लेयर घालून त्यातली लालची सरकपट्टी वर आणि हिरव्याची खाली ओढावी.

आकाशात पट्टे पडणे हा दुसरा दोष. 2000 पिक्सेल रुंदीत उजळता 20 ते 60 एवढीच बदलत असेल, तर 8 बिटांत सुमारे 40 पायऱ्या होतात, प्रत्येक जवळजवळ 50 पिक्सेल रुंद, आणि त्या डोळ्याला टोचतात. डिदर हा पर्याय चालू ठेवल्याने बारीक दाणा मिसळून कडा विरतात. फाइल 16 बिटांची करायची तर रंगकामाआधीच करावी. नंतर केल्यास पडलेले पट्टे तसेच राहतात. कमी दर्जाच्या जेपेगमध्ये डिदरचा दाणा पुसला जातो आणि पट्टे परत येतात.