बोटांनी फाकवलेलं कमी का दुखतं?

सिझेरियन झालं की भेटायला येणारे हमखास विचारतात, "टाके किती पडले?" या आकड्यावरून दुखण्याचा अंदाज मात्र बांधता येत नाही. त्वचेच्या आतून पुष्कळदा एकच विरघळणारा धागा नागमोडी फिरवलेला असतो. म्हणजे मोजायचं म्हटलं तर टाका एकच! शिवाय त्वचा हा नुसता वरचा थर. तिच्याखाली चरबी, मग स्नायूंवरचं चिवट पांढरं आवरण, त्याखाली शेजारी-शेजारी उभे दोन स्नायू, मग पोटाच्या पोकळीचं पातळ अस्तर आणि शेवटी गर्भाशय. हे सगळं पात्याने ओलांडलं, कात्रीने, विजेने की नुसत्या बोटांनी, यावर पुढचं दुखणं काही अंशी ठरतं.

हो, बोटांनीसुद्धा. आणि या शर्यतीत बोटं चक्क पुढे आहेत.

बेंबीखालच्या उभ्या छेदाऐवजी ओटीपोटावर आडवा, किंचित वाकडा छेद घेण्याची पद्धत जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हेर्मान फानेनश्टील यांनी १९०० मध्ये मांडली. तो व्रण झाकला जातो, जखमही चांगली भरते, म्हणून ती जगभर रुजली. तिच्यात स्नायूंवरचं आवरण आडवं कापून खालच्या स्नायूंपासून वर-खाली सोडवावं लागतं. या सोडवण्यात स्नायूंमधून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आणि चेतातंतू तुटतात. त्वचेवरचा छेद नाजूक दिसतो खरा, पण आतली जखम त्याहून बरीच पसरट असते.

दुसरी पद्धत स्त्रीरोगतज्ज्ञ जोएल-कोहेन यांची. मुळात ती गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी होती. जेरुसलेमच्या मिसगाव लदाख रुग्णालयात डॉ. मायकेल स्टार्क यांनी तिच्यावरून सिझेरियनची पद्धत बसवली. इथे छेद सरळ आणि थोडा वरच्या बाजूला असतो. चरबी फक्त मधोमध, दोन-तीन सेंटिमीटर रुंदीत कापतात. आवरणाला छोटी चीर देतात आणि पुढचं काम हातांवर सोपवतात. बोटांनी चीर रुंदावायची, दोन्ही स्नायू ओढून बाजूला सारायचे, अस्तरही बोटानेच उघडायचं. वाचताना अंगावर काटा येतो, पण तर्क साधा आहे. कात्रीला समोर काय आलं ते कळत नाही. चरबी असो, रक्तवाहिनी असो की चेता, ती कापत जाते. ओढलेली ऊती मात्र जिथे कमकुवत असते तिथे सुटते. रक्तवाहिन्या आणि चेता त्या मानाने लवचीक असल्यामुळे त्या ताणल्या जातात, बाजूला सरकतात आणि पुष्कळदा शाबूत राहतात.

दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र तपासल्यावर जोएल-कोहेन धर्तीच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव, ताप आणि लागणारा वेळ कमी आढळला, वेदनाशामकांची गरजही कमी. सिझेरियननंतरच्या वेदनांसाठी तज्ज्ञांनी केलेल्या 'प्रॉस्पेक्ट' शिफारशींतही औषधांच्या जोडीला हा छेद आहे. मात्र याला चमत्कार समजू नये. 'कोरोनिस' या सात देशांतल्या, भारतासह, १५,००० हून अधिक स्त्रियांच्या चाचणीत पोट बोटांनी उघडणं आणि धारदार हत्याराने उघडणं यांची तुलना झाली. मृत्यू, संसर्ग, पुन्हा शस्त्रक्रिया, रक्त देण्याची गरज अशा मोठ्या परिणामांत उल्लेखनीय फरक दिसला नाही. थोडक्यात, बोटांचा फायदा आहे तो आरामाचा.

विजेच्या सुरीबद्दल, म्हणजे डायथर्मीबद्दल, लोकांच्या मनात उगीच धास्ती असते. विल्यम बोवी यांनी बनवलेल्या यंत्राने मेंदूचे शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९२६ मध्ये बॉस्टनला शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून ती वापरात आहे. तिचा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलतो. एवढ्या वेगाला चेता आणि स्नायू प्रतिसाद देत नाहीत, म्हणून झटका बसत नाही. फक्त टोकाशी उष्णता तयार होते. ती चेतांची टोकं बंद करते, त्यामुळे दुखणं कमी होतं असा एक युक्तिवाद आहे. काही चाचण्यांत तसं दिसलं, काहींत फरकच नव्हता. माझ्या मते इथे यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या हाताला महत्त्व आहे. सलग प्रवाहाने झटकन कापलं तर भाजणं कमी होतं; रक्त थांबवण्याचा तुटक, जास्त व्होल्टेजचा प्रवाह एकाच जागी रेंगाळला तर आजूबाजूची ऊतीही शिजते.

कापण्याइतकंच ओढणंही दुखवतं, हे सहसा लक्षात येत नाही. जखम उघडी धरणारे धातूचे रिट्रॅक्टर जोराने खेचले तर तिच्या कडा चेंगरतात. शिवताना गर्भाशय पोटाबाहेर काढलं तर अस्तरावर ताण येतो. भूल असली तरी हा ताण काही जणींना जाणवतो, मळमळतं. पोटाचं अस्तर मात्र न शिवताच सोडणं बरं. ते आपोआप जुळतं आणि ही शिफारसही 'प्रॉस्पेक्ट'मध्ये आहे. त्वचेला पिना की धागा, याने दुखण्यात फारसा फरक पडत नाही. पिना लवकर काढल्यास जखम उकलण्याचा धोका तेवढा जास्त.

एका हत्याराचा पोटाशी संबंधच नाही. पाठीच्या कण्यात भूल देणारी सुई टोकदार, कापत जाणारी असेल, तर मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी त्या छिद्रातून झिरपून बसल्यावर भयंकर डोकं दुखू शकतं. १८९८ मध्ये जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बीअर यांनी कण्यात भूल देण्याचा प्रयोग स्वतःवर करवून घेतला आणि ते डोकेदुखीने काही दिवस अंथरुणाला खिळले. पेन्सिलीसारख्या टोकाची, तंतू बाजूला सारत जाणारी सुई १९५१ मध्ये आली. तिने हा त्रास पुष्कळ घटला. कापण्यापेक्षा सारणं बरं, हे इथेही खरं ठरतं.

अर्थात पहिल्या दिवसाच्या दुखण्यावर सर्वांत मोठा उतारा औषधांचाच. कण्यातल्या भुलेबरोबर दिलेलं जेमतेम ०.१ मिलिग्रॅम मॉर्फिन बारा ते चोवीस तास पुरतं. त्याला पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांची जोड हवी, तीही दुखेपर्यंत वाट न पाहता ठरल्या वेळी.

काही जणींचं दुखणं मात्र महिनोन्‌महिने मागे लागतं. आडव्या छेदाच्या दोन्ही टोकांजवळून जांघेकडे जाणाऱ्या चेता असतात. छेद फार बाजूला नेला तर त्या कापल्या जातात, शिवताना टाक्यात अडकूही शकतात. मग व्रणाच्या एका टोकाला जळजळ होते, सणक जांघेत उतरते, वाकलं किंवा वळलं की वाढते. ती बाई नेमकी जागा एका बोटाने दाखवते. वरून व्रण छान भरलेला दिसतो, म्हणून 'होईल बरं' म्हणून तिची बोळवण केली जाते. खरं तर निदान अवघड नाही. त्या बिंदूवर बधिर करणारं इंजेक्शन देतात. दुखणं काही मिनिटांत थांबलं, तर दोष त्या चेतेचा. काहींना अशी इंजेक्शनं पुरतात, नाही तर अडकलेली चेता शस्त्रक्रियेने सोडवता किंवा कापून टाकता येते.