दूरच्या प्रक्षेपणाचे अँटेना: प्रत्येक आकारामागचा काळ

लांबच्या केंद्राचं टीव्ही प्रक्षेपण पकडणाऱ्या अँटेनांची तुलना करायला बसलं की आधी आकारांची गर्दीच गोंधळात टाकते. माशाच्या काट्यासारखा लांबलचक यागी, मागून पुढे निमुळता होत जाणारा लॉग-पिरिऑडिक, जाळीपुढे फुलपाखरी पात्यांच्या ओळी असलेला चार किंवा आठ ‘बे’चा, म्हणजे तितक्या ओळींचा, पॅनेल, आणि क्वचित कुठे जाळीची मोठी परवलयाकार थाळी. त्यात भर म्हणून खोक्यावर छापलेले मैल असतात: साठ, शंभर, दीडशे. या मैलांना तुलनेत काहीही स्थान देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. अंतर हा अँटेनाचा गुण नाही. अँटेनाचा गुण म्हणजे कोणत्या वारंवारतेवर, कोणत्या दिशेने आणि किती गेन, म्हणजे साध्या अँटेनाच्या मानाने किती जास्त पकड. हे तिन्ही त्याच्या आकारात ठरतात, आणि आकार ठरला तो त्या-त्या काळात टीव्हीला वारंवारतेचे कोणते पट्टे दिले होते त्यावरून.

यागीचा जन्म घराघरांत टीव्ही येण्याच्या आधीचा. जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकु इम्पीरियल विद्यापीठात हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांनी १९२६ मध्ये या रचनेवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. प्रयोगांचा बराचसा भार उदांनी वाहिला होता. पण १९२८ मध्ये यागींचा इंग्रजी निबंध अमेरिकेत छापून आला आणि बाहेरच्या जगात त्यांचंच नाव रुजलं. म्हणूनच जाणकार आजही आवर्जून ‘यागी-उदा’ म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

या रचनेत केबल जोडलेली असते ती फक्त एका डायपोलला, म्हणजे मधोमध तोडलेल्या, साधारण अर्ध्या तरंगलांबीच्या सळीला. बाकीच्या सळ्यांना कुठलीही तार नाही. मागची सळी थोडी लांब, ती रिफ्लेक्टर. पुढच्या थोड्या आखूड, त्या डायरेक्टर. येणारी लहर या सळ्यांमध्ये प्रवाह निर्माण करते, त्या सळ्या ती लहर पुन्हा सोडतात, आणि लांबी-अंतर नेमकं जुळलेलं असेल तर समोरून आलेल्या लहरी डायपोलपाशी एकमेकींत मिळतात, मागून आलेल्या एकमेकींना मारतात. सगळी करामत तरंगलांबीशी जुळवलेल्या मापांची आहे. यागीची ताकद यातच आहे आणि त्याची मर्यादाही.

मायदेशी या शोधाकडे फारसं लक्ष गेलं नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं, तेव्हा ब्रिटिश रडारच्या टिपणांवरून जपानी अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं की शत्रू आपल्याच संशोधकांचा अँटेना वापरतो आहे. युद्धानंतर तीच रचना टीव्हीसाठी छपरांवर चढली.

टीव्हीची नियमित सेवा मात्र त्याआधीच सुरू झाली होती. बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून ती सुरू केली, चित्र ४५ मेगाहर्ट्झवर आणि आवाज ४१.५ वर. या मनोऱ्याचा आवाका म्हणजे लंडन आणि आसपासचा मुलूख, असा हिशेब होता. आणि तरी नोव्हेंबर १९३८ मध्ये आरसीए या अमेरिकी रेडिओ कंपनीच्या अभियंत्यांनी न्यूयॉर्कजवळ रिव्हरहेड इथे, अटलांटिकच्या पलीकडे, लंडनची चित्रं पकडली आणि पडद्यावरून चित्रितही केली. सूर्यावरच्या डागांचं चक्र तेव्हा ऐन भरात होतं, आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, एरवी न वळणाऱ्या वारंवारताही परतवत होतं. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘अमुक अँटेनाने इतक्या हजार किलोमीटरवरचं केंद्र लागलं’ हे विधान अक्षरशः खरं असू शकतं आणि तरीही अँटेनाबद्दल त्यातून काहीच कळत नाही, हे तिथेच सिद्ध झालं.

रोजच्या रोज, भरवशाने चित्र हवं असेल तर हिशेब क्षितिजाचा आहे. दोन्ही टोकांच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं काढायची, त्यांची बेरीज करायची, ४.१२ ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. हवेमुळे लहर किंचित खाली वाकते, तेही या आकड्यात धरलेलं आहे. प्रक्षेपण मनोरा ३०० मीटर आणि घरचा अँटेना १० मीटर उंचीवर असेल तर हे क्षितिज सुमारे ८४ किलोमीटरवर येतं. त्यापलीकडेही सिग्नल पोचतो, पण डोंगरकड्यांवरून वळून किंवा वातावरणाच्या खालच्या थरात विखुरला जाऊन, आणि दर किलोमीटरला झपाट्याने क्षीण होत. खरं तर दूरच्या ग्रहणाचं सगळं शास्त्र या क्षितिजापलीकडच्या पट्ट्यातलं आहे. दीडशे मैल म्हणजे २४० किलोमीटर. तिथे रोज चित्र मिळण्यासाठी मनोरा उंच डोंगरावर हवा, प्रक्षेपण शक्तिशाली हवं, मधली वाट मोकळी हवी आणि अँटेना मोठा हवा. खोक्यातली वस्तू यातली फार तर शेवटची अट पुरी करते, आणि छोटेखानी, मोटरने फिरणारे जे अँटेना हे आकडे मिरवतात ते तर तीही करत नाहीत.

दूरच्या ग्रहणाची खरी भूक जागी केली ती अमेरिकेतल्या एका सरकारी निर्णयाने. युद्धानंतर केंद्रं भराभर उभी राहू लागली आणि एकाच चॅनेलवरची दोन दूरची केंद्रं एकमेकांच्या चित्रात घुसू लागली. सिग्नल अंदाजापेक्षा लांब जात होते. ३० सप्टेंबर १९४८ रोजी एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या प्रक्षेपण-नियामक आयोगाने, नव्या केंद्रांच्या परवान्यांना स्थगिती दिली. सहा महिन्यांत उठेल म्हटलेली ही बंदी एप्रिल १९५२ पर्यंत टिकली. एवढ्या काळात देशभर टीव्ही संच विकले जात होते आणि मोठमोठ्या प्रदेशांना जवळचं केंद्रच नव्हतं. सिग्नल लांब जातो म्हणून नवी केंद्रं अडली, आणि केंद्रं अडली म्हणून लोक तोच लांब गेलेला सिग्नल शोधू लागले.

ओरेगनमधल्या अस्टोरिया गावी एड पार्सन्स यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये हॉटेलच्या छपरावर अँटेना बसवून सुमारे २०० किलोमीटरवरच्या सिएटलचं नवं केंद्र पकडलं आणि केबलने रस्त्यापलीकडच्या आपल्या घरात आणलं. पुढे शेजाऱ्यांनाही जोडण्या मिळाल्या. केबल टीव्हीच्या इतिहासात या घटनेचा मान मोठा आहे. अँटेनाच्या इतिहासात ती आणखी एक गोष्ट सांगते: पार्सन्स यांचं यश बरंचसं जागेच्या निवडीचं होतं. त्यांनी गावात सिग्नल कुठे सापडतो ते आधी धुंडाळलं. आजही खांबाची जागा दोन-चार मीटर सरकवल्यावर जो फरक पडतो, तो कित्येकदा महागडा अँटेना आणूनही पडत नाही.

बंदी उठली ती नव्या वाटपासह. व्हीएचएफ या खालच्या वारंवारतांच्या पट्ट्यातले चॅनेल २ ते १३, म्हणजे ५४ ते ८८ आणि १७४ ते २१६ मेगाहर्ट्झ. शिवाय यूएचएफ या वरच्या पट्ट्यातले १४ ते ८३, म्हणजे ४७० ते ८९०. आता एकाच छपरावर ५४ पासून ८९० पर्यंतचं सगळं पकडायचं होतं. चॅनेल २ साठी अर्धी तरंगलांबी अडीच मीटरच्या वर, तर ६०० मेगाहर्ट्झला ती पाव मीटर. यागी एका मापाला जुळवलेला, तो हे एवढं पेलणार कसा?

यूएचएफची दुसरी अडचण सहसा सांगितली जात नाही, पण तुलनेत तीच कळीची आहे. लहर तेवढ्याच तीव्रतेची असली तरी साधा डायपोल ६०० मेगाहर्ट्झवर जी शक्ती गोळा करतो ती ६० मेगाहर्ट्झवरच्या डायपोलच्या शंभरावा हिस्सा असते, कारण पकडीचं क्षेत्रफळ तरंगलांबीच्या वर्गाप्रमाणे घटतं. त्यात यूएचएफ लहरी टेकड्यांमागे कमी वळतात आणि झाडीत जास्त जिरतात. म्हणून यूएचएफ अँटेनाला पुष्कळ सळ्या किंवा पुष्कळ पाती लागली. जॉन क्राउस यांनी १९३८ मध्ये मांडलेला कोन करून बसवलेल्या पडद्यांचा रिफ्लेक्टर इथे कामी आला. जाळीपुढे फुलपाखरी डायपोल एकावर एक रचलेले पॅनेल इथूनच घरोघर गेले. पसरट पाती जाडसर सळीसारखी वागतात, म्हणून त्यांची पकड रुंद पट्ट्यावर टिकते. चॅनेल मास्टर या कंपनीची सुमारे सात फुटी परवलयाकार थाळी, मॉडेल ४२५१, या शर्यतीचं टोक. तिच्यासारखा गेन छपरावरच्या दुसऱ्या अँटेनाला क्वचितच साधला, पण वाऱ्याला तोंड देणारा खांब आणि त्याला ताणून धरणाऱ्या तारा यांचाच खर्च भारी पडे.

रुंद पट्ट्याचं खरं उत्तर इलिनॉय विद्यापीठातून आलं. व्हिक्टर रम्झी यांनी वारंवारतेवर अवलंबून नसलेल्या आकारांचा विचार मांडला, रेमंड ड्यूहॅमेल आणि ड्वाइट इसबेल यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लॉग-पिरिऑडिक रचना घडवल्या, आणि इसबेल यांची डायपोलांची रांग लवकरच छपरांवर दिसू लागली. इथे प्रत्येक सळी तारेने जोडलेली असते, लांबी आणि अंतर ठरावीक गुणोत्तराने घटत जातं. कोणत्याही वारंवारतेला मापाने जुळणाऱ्या थोड्याच सळ्या काम करतात, बाकीच्या जवळपास स्वस्थ असतात. त्यामुळे पट्टा रुंद मिळतो, पण दांड्याच्या लांबीच्या मानाने गेन यागीपेक्षा कमी. इसबेल यांच्या पेटंटवरून इलिनॉय विद्यापीठाच्या प्रतिष्ठानाने उत्पादकांना कोर्टात खेचलं. विनगार्डविरुद्धच्या खटल्यात ते अवैध ठरलं आणि ब्लाँडर-टंगविरुद्धचा खटला १९७१ मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. एकदा अवैध ठरलेल्या पेटंटसाठी प्रत्येक नव्या प्रतिवादीशी नव्याने भांडता येईल का, या प्रश्नावर तिथे दिलेला निकाल पेटंट कायद्यात आजही दाखल्यासारखा वापरला जातो.

बाजारात ‘कॉम्बो’ म्हणून मिळणारे लांब अँटेना बहुधा या दोन घराण्यांचं लग्न असतात: मागे व्हीएचएफसाठी लॉग-पिरिऑडिक, पुढे यूएचएफसाठी यागी किंवा कोनी रिफ्लेक्टर.

बूस्टरबद्दल थोडक्यात. तो सिग्नल निर्माण करत नाही, केबलमधली घट भरून काढतो. चांगल्या कोॲक्शियल केबलमध्येही यूएचएफवर ३० मीटरला पाच-सहा डेसिबल जातात (डेसिबल हे शक्तीच्या गुणोत्तराचं माप, तीन डेसिबल म्हणजे दुप्पट किंवा निम्मं). म्हणून तो खांबावर, अँटेनाच्या अगदी जवळ हवा, आणि त्याचा स्वतःचा विद्युत गोंगाट (नॉइज) कमी हवा. टीव्हीमागे बसवलेला बूस्टर सिग्नलसोबत केबलने भर घातलेला गोंगाटही वाढवतो.

ॲनालॉग काळात या सगळ्या फरकांना सैलपणा होता. सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या येत, पण बातम्या कळत, सामना दिसे. डिजिटलने तो सैलपणा संपवला. अमेरिकी पद्धतीत सिग्नल गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबल वर असेल तोवर चित्र निर्दोष, त्याखाली गेलं की चौकटी, आणि लगेच काळा पडदा. त्यामुळे दोन-तीन डेसिबलला पूर्वी कधी नव्हती एवढी किंमत आली. दोन सारखे अँटेना जोडून मिळतात ते जास्तीत जास्त तीन डेसिबल. आणि दोन कंपन्यांचे आकडे एकाने डीबीआयमध्ये (सर्व दिशांना सारख्या अशा काल्पनिक अँटेनाशी तुलना), दुसऱ्याने डीबीडीमध्ये (डायपोलशी तुलना) दिले तर २.१५ डेसिबलचा फरक नुसत्या मोजपट्टीतूनच निघतो. तुलनेआधी ही पट्टी एक केलीच पाहिजे.

दुसरा बदल पट्ट्यांचा. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी संपलं आणि चॅनेल ५२ आणि त्यावरचा भाग मोबाइलकडे गेला. पुढे २०१७ च्या लिलावानंतर टीव्ही चॅनेल ३६ पर्यंत, म्हणजे ६०८ मेगाहर्ट्झपर्यंत आक्रसला आणि २०२० मध्ये ती हलवाहलव पुरी झाली. ब्रिटनमध्येही २०२० मध्ये टीव्हीची वरची हद्द चॅनेल ४८ झाली. तिथे अँटेना पूर्वीपासून पट्ट्यांच्या गटांत विकले जात: ‘ए’ लाल, ‘बी’ पिवळा, ‘सी-डी’ हिरवा, आणि टोकावरच्या रंगावरून गट ओळखता येई. ही व्यवस्था मला खोक्यावरच्या मैलांपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते.

यागीचा गेन पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे चढत जातो आणि त्यापलीकडे एकदम कोसळतो. म्हणजे जुन्या, चॅनेल ६९ पर्यंत जुळवलेल्या लांब यागीचा सर्वांत चांगला गेन आज जिथे पडतो तिथे मोबाइलचे मनोरे बोलतात, आणि उरलेल्या टीव्ही चॅनेलांना त्याचा कमजोर भाग मिळतो. शिवाय मोबाइलचा जोरकस सिग्नल बूस्टरला गुदमरवतो, म्हणून फिल्टर लागतो. फुलपाखरी पॅनेल या बदलात तुलनेने कमी हरले, कारण त्यांची पकड पट्टाभर पसरलेली असते.

शेवटी व्हीएचएफ. डिजिटल स्थित्यंतरानंतर सगळं यूएचएफवर जाईल अशा समजुतीने कित्येक नवे अँटेना फक्त यूएचएफसाठी घडवले गेले. प्रत्यक्षात अमेरिकेतली बरीच केंद्रं चॅनेल ७ ते १३ वर राहिली वा परतली, काही तर २ ते ६ वरही आहेत. तिथे घरातल्या एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा विद्युत गोंगाट मोठा अडथळा ठरतो. लांबच्या ग्रहणासाठी अशा ठिकाणी यूएचएफचा पॅनेल आणि व्हीएचएफचा वेगळा यागी एकाच खांबावर, मध्ये पुरेसं अंतर ठेवून बसवायचा आणि कंबाइनरने, म्हणजे दोन सिग्नल एकत्र करणाऱ्या जोडणीने, एका केबलमध्ये आणायचा, ही जोडणी बहुतेक एकसंध अँटेनांपेक्षा सरस ठरते. त्यासाठी आधी केंद्राच्या खऱ्या प्रक्षेपण चॅनेलचा क्रमांक पाहावा लागतो, कारण पडद्यावर दिसणारा क्रमांक अनेकदा ॲनालॉग काळातला जुनाच असतो.