घरच्या सिम्युलेटरपुढचा अंतर्वक्र आरसा : पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात वैमानिक ज्यावर सराव करत, त्या बहुतेक सिम्युलेटरना बाहेरचं दृश्य असं नव्हतंच. झाकण बंद करून उपकरणांच्या काट्यांवर उडायचं. पुढे भूप्रदेशाच्या प्रतिकृतीवरून कॅमेरा फिरू लागला, मग संगणकाची चित्रं आली. पण कॅप्टन आणि सहवैमानिकाच्या डोळ्यांत साधारण मीटरभर अंतर असतं. पडदा तीन मीटरवर असेल, तर एकाला नाकासमोर दिसणारी धावपट्टी दुसऱ्याला सुमारे १८ अंश बाजूला दिसते.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश कंपनीने दोघांसाठी मिळून एकच मोठा अंतर्वक्र आरसा बसवला. कॉकपिटच्या वर वक्र पडदा, त्यावर मागून प्रोजेक्टर आणि समोरच्या आरशात त्याचं प्रतिबिंब. पडदा आरशाच्या त्रिज्येच्या जवळपास निम्म्यावर असल्याने किरण जवळजवळ समांतर होऊन डोळ्यांत शिरतात आणि धावपट्टी दोघांनाही एकाच दिशेला, दूर दिसते. आज अमेरिकी विमानवाहतूक नियामक सर्वोच्च दर्जाच्या सिम्युलेटरसाठी किमान आडवं १७६ आणि उभं ३६ अंशांचं सलग दृश्य मागतो.

घरी मात्र बहुधा एकच खुर्ची असते. मग आरसा कशाला, साधा वक्र पडदा पुरे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि खर्चाच्या हिशेबाने त्यांचं चुकत नाही. पण डोकं काही खिळ्याने ठोकलेलं नसतं. दीड मीटरवरच्या पडद्यापुढे दहा सेंटिमीटर बाजूला झुकलं, की धावपट्टी जवळपास चार अंश सरकते. लँडिंगच्या वेळी हे फार जाणवतं. शिवाय डोळ्यांना जवळच्या पडद्यावरच नजर स्थिरावावी लागते, त्यामुळे दूर पाहिल्याचा भास होत नाही. ज्याने एकदा आरशातलं दृश्य पाहिलं, तो सहसा पडद्यावर समाधान मानत नाही.

घरी असा आरसा बांधणं शक्य झालं ते स्वस्त प्रोजेक्टर आणि चित्राला हवा तसा बाक देणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. काचेचा एवढा आरसा परवडत नाही, म्हणून चकचकीत मायलर फिल्म (पातळ प्लास्टिक) प्लायवूडच्या चौकटीवर ढोलाच्या पानासारखी ताणतात आणि मागची हवा पंख्याने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने थोडी ओढून घेतात. मध्यभाग चांगला गोल होतो. वरच्या-खालच्या कडा चौकटीला चिकटलेल्या असल्याने तिथे जमीन ताणल्यासारखी दिसते. म्हणून आरसा गरजेपेक्षा उंच करून कडा झाकल्या जातात. चित्र डावं-उजवं उलटं टाकायचं, हे वेगळं सांगायला नको.

२०१६ साली घरगुती व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी दृश्य दाखवणारे) आले आणि बऱ्याच जणांना हा खटाटोप अनावश्यक वाटू लागला. पण बहुतेक हेडसेटमध्ये हाताखालची खरी बटणं नीट दिसत नाहीत. ज्यांनी कॉकपिटमधल्या बटणांचं पूर्ण पॅनल उभं केलंय, त्यांना आरसाच सोयीचा पडतो.