घाणेरीचे पान चुरगळताना

पावसाळा सरला की डिचोली-सत्तरीकडच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, मी मुलांना घेऊन जाते. वाटेत सगळ्यात आधी भेटते ती घाणेरी. काही जण तिला टणटणी म्हणतात. गोव्यातल्या मुलांना रान परके नसते. चवथीला गणपतीच्या वर रानफळा-फुलांची माटोळी बांधतात, तिच्यासाठी कांगलां, घागऱ्यो शोधत ती मोठ्यांबरोबर हिंडलेली असतात. घाणेरीविषयी मात्र त्यांनी एकच ऐकलेले असते, "शी, हात लावू नको!" बिचारीच्या नावातच निकाल लागलेला.

"मावशी, वास घेऊ?" कुणीतरी विचारतेच. जरूर घ्यावा. खोडावरचे वाकडे काटे सांभाळून एक पान तोडायचे, आधी तसेच हुंगायचे, मग चुरगळून. वास कसा आहे ते सांगताना 'घाण' हा शब्द वापरायचा नाही, एवढी एकच अट. कुणाला डांबरगोळी आठवते, कुणाला कैरीचा चीक, तर कुणाला ओव्याचे पान. आखडलेली नाके सैल होतात आणि मुले शब्द शोधू लागतात. मला हा क्षण फार आवडतो.

न चुरगळलेल्या पानाला वास कमी का? पानावरच्या बारीक लवेत तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. बोटांनी चुरगळल्या की त्या फुटतात आणि तेल हवेत उडते. पान कुरतडायला आलेल्या किड्यालाही हेच तेल सामोरे येते. अंगणातल्या तुळशीची रीतही हीच. तुळस आणि घाणेरी यांची कुळे वेगळी असली तरी वनस्पतिशास्त्रात दोघींचा गण एक. खोड चौकोनी आणि पाने समोरासमोर, हे साम्य मुलांना बोटांनी चाचपूनच कळते.

आता फुले. एकाच गुच्छात मधली पिवळी आणि कडेची गुलाबी किंवा केशरी दिसतात. ती वेगवेगळ्या जातीची नसतात, त्यांचे वय वेगळे असते. कडेची आधी उमलतात. ताजे फूल पिवळे आणि मधाने भरलेले, परागण झाले की रंग पालटत जातो. फुलपाखरे बहुतेक पिवळ्यांवरच उतरतात. जुनी फुले झडत नाहीत, त्यामुळे गुच्छ लांबून मोठा आणि ठळक दिसतो. एका गुच्छाला दोरा बांधून तीन दिवस पाहावे आणि कोणत्या रंगावर किती फुलपाखरे बसली ते वहीत लिहावे. प्रयोगशाळेवाचून होणारा इतका चांगला प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

गुराढोरांची गोष्टही मुलांपासून लपवू नये. उन्हाळ्यात चारा संपला की भुकेली गुरे घाणेरीला तोंड लावतात. तिच्यातली लँटाडीन नावाची द्रव्ये यकृत बिघडवतात. गाय हिरवा पाला खाते तेव्हा पोटात हरितद्रव्यापासून एक पदार्थ तयार होतो. निरोगी यकृत तो पित्तावाटे बाहेर टाकते. आजारी यकृताला ते जमत नाही. मग तो रक्तातून कातडीपर्यंत पोचतो आणि ऊन लागले की तिथली कातडी भाजल्यासारखी सोलवटते. अशा जनावराला ताबडतोब सावलीत बांधावे आणि पशुवैद्याला बोलवावे.

ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. काजू, मिरची, अननसही तिकडचेच, पण ही तिन्ही पोर्तुगिजांबरोबर आली. घाणेरी १८०९च्या सुमारास इंग्रजांनी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी लावली आणि तिथून ती देशभर पसरली. आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींत तिची गणना होते. दाट जाळी माजली की खाली गवत वाढत नाही, देशी झाडांची रोपेही तग धरत नाहीत. म्हणून ओळख करून द्यायची ती लावण्यासाठी नव्हे.

"मग बुलबुल तिची फळे कशी खातो?" हा प्रश्न हमखास येतो. पिकलेल्या काळ्या फळाचा गर हे पाखराला दिलेले भाडे आहे. बी त्याच्या पोटातून लांबच्या प्रवासाला निघते. आपण मात्र फळ तोंडात घालायचे नाही, हिरवे तर मुळीच नाही, आणि पान हाताळल्यावर हात धुवायचे. घाणेरीचे नवे रोप दिसले की मी मुलांना मान वर करून पाहायला सांगते. वर बहुधा फांदी असते, नाहीतर विजेची तार, आणि कधी कधी तिच्यावर तो बुलबुलही.