सरावाची स्वस्त .२२ काडतुसं : प्रायमरवर किती विसंबावं?

आमच्या ग्राहकांसाठी आणि नव्या नेमबाजांच्या पालकांसाठी

बालेवाडीत १० मीटर एअर रायफल सोडून ५० मीटरच्या .२२ (०.२२ इंच व्यासाच्या) रायफलकडे वळलेल्या मुलांचे पालक दुकानात आले की आधी काडतुसांच्या डब्याची किंमत विचारतात. साहजिकच आहे. छऱ्यांच्या मानाने काडतुसं फार महाग पडतात, आणि थ्री पोझिशनचा (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने) एक सामना म्हणजे ६० गोळ्या, शिवाय साइटर्स, म्हणजे आधी नेम तपासायच्या गोळ्या, वेगळ्या. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने याच प्रकारात पॅरिसला कांस्य मिळवलं, तेव्हापासून घरोघरी उत्साह आहे, पण खर्च काही कमी झालेला नाही. स्वस्त डबा घ्यायला आमची हरकत नाही. फक्त तो कशासाठी वापरणार, हे आधी ठरवा.

मोठ्या काडतुसाच्या बुडाशी प्रायमर, म्हणजे पिन आपटताच पेटून दारू पेटवणारा भाग, वेगळा बसवलेला असतो, .२२ मध्ये तसा नसतो. केसच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) मागच्या कडेला, म्हणजे रिमला, आतून पोकळ घडी असते. कारखान्यात प्रायमरचं ओलं मिश्रण तळाशी टाकून केस गरगर फिरवतात, म्हणजे ते त्या घडीत चहूकडे पसरतं. फायरिंग पिन रिमवर एकाच जागी आपटते. नेमक्या त्या जागी मिश्रण पोचलेलं नसेल, तर गोळी उडत नाही. एकदा चेपलेली रिम पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे .२२ च्या रिकाम्या केस पुन्हा वापरण्याचा प्रश्नच येत नाही.

न उडालेली गोळी निदान कळते तरी. आम्हाला जास्त काळजी वाटते ती उडालेल्या, पण कमीजास्त पेटलेल्या गोळ्यांची. हिशोब करून पाहा : गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३२० मीटर असतो. त्यात १० मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. दहाच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिलिमीटर आहे. म्हणजे अंग स्थिर, श्वास जागेवर, ट्रिगर स्वच्छ, आणि तरी नऊ येऊ शकतो! मूल मग आपल्या पोझिशनमध्ये नसलेली चूक शोधत बसतं आणि चांगली बसलेली सवय बिघडवून घेतं. डब्यात वाचलेल्या पैशांपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं आहे.

म्हणून स्टँडिंगचा तोल, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) चालवण्याची लय, वेळेचं भान यासाठी स्वस्त डबा खुशाल वापरा. झीरो करायला (साइट नेमकी जुळवायला), ग्रुप (भोकांचा पुंजका) मोजायला किंवा स्पर्धेआधीच्या आठवड्यात वापरू नका. आणि ब्रँडपेक्षा लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या काडतुसांचा क्रमांक, बघा. तुमच्या मित्राच्या रायफलमधून सुरेख जाणारा लॉट तुमच्या बॅरलला मानवेलच असं नाही. आधी एकच डबा न्या, टेकूवरून दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप पाडा, पटला तर त्याच लॉटचे आणखी न्या.

गोळी उडाली नाही तर

रायफल टार्गेटकडेच रोखलेली ठेवा, बोल्ट उघडू नका, निदान ३० सेकंद थांबा. कधी कधी मिश्रण उशिरा पेटतं. मग रेंज ऑफिसरला सांगून काडतूस बाहेर काढा आणि रिम उजेडात धरून पाहा. पिनची खूण उथळ असेल, तर दोष बहुधा रायफलचा : चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी मेण आणि काजळी साचून काडतूस पूर्ण आत बसत नाही, किंवा स्प्रिंग थकली आहे. खूण खोल, स्वच्छ आहे आणि तरी उडालं नाही, तर काडतुसाला दोष द्या.

नेहमीचा कडक आवाज न येता नुसता ‘फुस्स’ आवाज आला, तर तिथेच थांबा. गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. बॅरल मोकळी आहे हे रिकाम्या रायफलमध्ये रॉड घालून पाहिल्याशिवाय पुढची गोळी भरू नका. यात घाई करणाऱ्याचे डोळे आणि हात धोक्यात येतात, म्हणून हे आम्ही प्रत्येकाला काउंटरवर तोंडीही सांगतो.

न उडालेलं काडतूस खिशात टाकून घरी आणू नका, कचऱ्यातही टाकू नका, रेंजवरच जमा करा.

साठवण साधी आहे. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून, कुलपात ठेवा. उन्हातल्या गाडीत सोडू नका. काडतुसांना तेल लावू नका, पातळ तेल गोळी आणि केसच्या सांध्यातून आत झिरपतं. मिश्रणात आणि गोळीत शिसं असतं, तेव्हा सराव संपला की साबणाने हात धुवा आणि मगच मुलांना जेवणाचा डबा खायला द्या.

तक्रार असेल तर काडतूस न आणता रिमचा जवळून काढलेला फोटो आणि लॉट नंबर घेऊन या. लॉट नंबर डब्यावर छापलेला असतो, म्हणून शेवटची गोळी संपेपर्यंत मूळ खोकं जपून ठेवा.