चिकटलेला शिंपला, पुरलेला शिंपला: समुद्री बदकांच्या हिवाळी खाण्याचे दोन हिशेब

थंडीत उत्तरेकडच्या समुद्रांत मुक्काम करणारी आयडर आणि स्कोटर ही बदकं तळाचे शिंपले खाऊन जगतात, असं सरसकट लिहिलं जातं. ते खोटं नाही, पण त्यात दोन वेगळ्या खाण्यांची मोट बांधलेली असते. एक मसल. इथे स्नायूंचा संबंध नाही. खडकाला, दोराला किंवा एकमेकांना धाग्यांनी चिकटून उघड्यावर राहणारा हा काळा-निळा शिंपला. दुसरा क्लॅम, म्हणजे तिसऱ्यांच्या जातकुळीतला. हा वाळूत किंवा चिखलात स्वतःला पुरून घेतो आणि श्वासाची नळी तेवढी पृष्ठभागाकडे धरतो. दोघांनाही दोन झडपा, दोघांनाही बदक कवचासकट गिळतं, आणि दोघांचाही चुरा पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या पोटात, होतो. साहजिकच सर्वेक्षणाच्या तक्त्यात दोघं एकाच रकान्यात बसतात: शिंपले, ग्रॅम प्रति चौरस मीटर. घोळ तिथून सुरू होतो.

मसल दिसतो, तरी सहज सुटत नाही

मसलचा पट्टा भरतीच्या रेषेपासून काही मीटर खोलीपर्यंत असतो आणि बदकाला तो शोधावा लागत नाही. कष्ट आहेत ते उपटण्याचे. प्रत्येक मसल डझनावारी धाग्यांनी बांधलेला असतो. आसपास खेकडे किंवा तारामासे असले की तो आणखी धागे घालतो. आयडर पंख अर्धवट उघडून खाली जातो, चोचीत एक मसल धरतो आणि मान मुरडून खेचतो. पुष्कळदा एकाऐवजी अख्खा झुबका हाती येतो. मग तो पाण्यावर आणून, झटकून, त्यातला हवा तो वेगळा करावा लागतो.

मोठा मसल म्हणजे मोठा घास, असा आपला समज. बदकाचा हिशेब निराळा असतो. उत्तर नॉर्वेत हिवाळ्यात आयडर समोर असलेल्या मसलपैकी लहान आकाराचेच जास्त उचलताना आढळले आहेत. कारण आकार वाढतो तसं कवच जाड होतं, आणि कवचातून काहीच मिळत नाही. ते फक्त पेषणीची जागा अडवतं. अख्ख्या मसलच्या वजनात खरं सेंद्रिय अन्न दहा टक्क्यांच्याही आत असतं. बाकी चुना आणि खारट पाणी. त्यामुळे साधारण २ किलो वजनाच्या आयडरला दिवसाला स्वतःच्या वजनाच्या आसपास शिंपले गिळावे लागतात.

त्या खारट पाण्याचीही किंमत मोजावी लागते. मसलच्या अंगातला रस समुद्राइतकाच खारट असतो. तो जादा मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी नाकपुड्यांतून बाहेर टाकतात, आणि त्या कामाला ऊर्जा लागते. शिवाय सगळं गार. १ किलो पाणी २ अंशांवरून बदकाच्या शरीराच्या ४१ अंशांवर आणायला सुमारे १६३ किलोज्यूल खर्ची पडतात. कवचाला त्याहून कमी लागतात, पण तीही काही फुकट तापत नाहीत. पेषणीच्या कामातून निघणारी उष्णता यातला काही भाग भरून काढते.

पेषणीचा वेग हा दुसरा अडसर. आयडर भराभर बुड्या मारून अन्ननलिका भरतो आणि मग तरंगत थांबतो, आतला चुरा होईपर्यंत. बघणाऱ्याला वाटतं, पोट भरलं म्हणून विश्रांती चालली आहे. खरं तर गिरणी चालू असते आणि पुढच्या घासाला जागा नसते. अशा भरल्या पोटी त्याला उडणंही जड जातं. म्हणून नुसता बुड्यांचा वेळ मोजून 'खाण्याला किती वेळ गेला' हे ठरवलं, तर मसल खाणाऱ्या बदकाचं काम निम्मं दृष्टीआडच राहतं.

शेतीतला मसल याला अपवाद. दोरावर वाढवलेल्या मसलचं कवच पातळ आणि मांस भरपूर; बदकं तिथे तुटून पडतात यात नवल नाही. शेतकऱ्याचं नुकसान मात्र खरंच असतं, कारण एक मसल खेचताना शेजारचे चारही सुटून खाली पडतात.

क्लॅम सैल असतो, पण सापडायला हवा

क्लॅमला बांधून ठेवणारं काही नसतं. इथे खर्च आहे तो चाचपडण्याचा. स्कोटर चोच गाळात खुपसून स्पर्शानं शोधतो. पांढऱ्या पंखाच्या स्कोटरच्या जड चोचीच्या टोकाला खणायला उपयोगी पडेल असं दणकट नख असतं. उथळ पाण्यात आयडर पायांनी पाणी ढवळून वाळूत खळगे पाडतो आणि उघडे पडलेले शिंपले टिपतो.

म्हणूनच क्लॅमच्या बाबतीत 'किती आहेत' याच्या जोडीला 'किती खोल आहेत' हेही विचारावं लागतं. वाढत्या वयाबरोबर क्लॅमची नळी लांबते आणि तो खाली सरकतो. माया नावाचा क्लॅम मोठा झाला की वीत-दीड वीत खोल बसतो. तो तक्त्यात भरपूर वजन दाखवतो आणि बदकाच्या दृष्टीनं जवळजवळ नसल्यात जमा असतो.

खोली आणि कवच यांची अदलाबदल कशी होते, हे सॅन फ्रान्सिस्को उपसागरात चांगलं दिसतं. तिथे १९८६ साली पोटामोकॉर्ब्युला हा आशियाई क्लॅम पहिल्यांदा सापडला आणि बघता बघता त्यानं तळ व्यापला. त्याचं कवच तिथल्याच मॅकोमा या दुसऱ्या क्लॅमच्या कवचापेक्षा फोडायला कठीण. पण तो गाळाच्या वरच्या थरात दाटीनं असतो, आणि मॅकोमा विरळ व खोल. बुडी मारणाऱ्या बदकाला कठीण कवचाचा पण हाताशी असलेला शिंपला बरेचदा परवडतो. पोटामोकॉर्ब्युलाच्या अंगात सेलेनियम हे जास्त झाल्यास विषारी ठरणारं मूलद्रव्य साठतं, ही त्याची काळी बाजू. ऊर्जेच्या आकड्यात ती दिसत नाही.

क्लॅमच्या हिशेबाची परिसीमा म्हणजे चष्मेवाला आयडर. बेरिंग समुद्रात सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेला, बर्फातल्या मोकळ्या फटींत, जगातले जवळपास सगळे चष्मेवाले आयडर हिवाळा काढतात. हे ठिकाण १९९० च्या दशकाच्या मध्यात बदकांना लावलेल्या उपग्रह-ट्रान्समीटरमुळे कळलं. खाणं ४० ते ७० मीटर खाली, आणि तेही क्लॅमच. एवढ्या खोल बुडीचा बराच वेळ जाण्यायेण्यातच संपतो. तळाशी मिळणाऱ्या थोड्या अवधीत पुरेसे शिंपले हाती लागले नाहीत, तर ती बुडी तोट्याची. त्यामुळे पूर्ण पट्ट्यातल्या क्लॅमची बेरीज इथे फारशी उपयोगाची नाही. ठराविक दाटीपेक्षा जास्त क्लॅम असलेला तळच बदकासाठी जमेचा. तोही त्या आठवड्यात बर्फाखाली बंद नसेल तर! शिवाय तिथे पूर्वी मॅकोमा जास्त होता, नंतर न्यूक्युलाना वरचढ झाला. दोन्ही क्लॅमच, म्हणून 'अन्न बदललेलं नाही' असं म्हणता येत नाही. आकार, कवच आणि मांस तिन्ही वेगळं आहे.

मोजताना काय चुकतं

मसलसाठी २५ × २५ सेंटिमीटरची चौकट खडकावर ठेवून आतलं सगळं खरवडून घ्यायचं, धुवायचं आणि ५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी आकारवार मोजायचं. मसल ठिगळांनी वाढतो, त्यामुळे चौकटी कुठेही टाकल्या तर बऱ्याच रिकाम्या येतात आणि सरासरीला अर्थ राहत नाही. आधी पट्ट्याची कड नकाशावर आखा, मग आतल्या आत चौकटी टाका.

क्लॅमसाठी ०.१ चौरस मीटरचा व्हॅन वीन ग्रॅब (तळाचा गाळ जबड्यात धरून वर आणणारा पंजा) आणि १ मिलिमीटरची चाळणी चालते, पण घट्ट वाळूत हा ग्रॅब जेमतेम काही सेंटिमीटर रुततो. जबड्यात खडा किंवा शिंपला अडकला असेल तर वर येईपर्यंत अर्धा गाळ धुऊन जातो. असा नमुना फेकून द्यावा. 'थोडाच सांडला' म्हणून ठेवलेला नमुना पुढे सगळी आकडेवारी बिघडवतो. काही ठिकाणी नळीचा कोअर, म्हणजे नळी रोवून काढलेला गाळाचा उभा नमुना, घेऊन वरचे ५ सेंटिमीटर आणि खालचा भाग वेगळा चाळावा. मसलच्या पट्ट्यावर ग्रॅब वापरू नये, आणि क्लॅमसाठी कॅमेऱ्यावर विसंबू नये. दोन्हीकडून खोटं शून्य मिळतं.

प्रयोगशाळेत मांस ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, मग साधारण ५५० अंशांवर जाळायचं. जे वजन घटतं ते खरं सेंद्रिय अन्न. इथे कवच आत राहिलं आणि भट्टी जास्त तापली, तर चुन्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि तेवढं 'अन्न' फुकटचं वाढतं. नमुना कधी घेतला हेही लिहून ठेवा. ऑक्टोबरचा मसल आणि मार्चचा मसल लांबीला सारखाच असला तरी हिवाळ्यात तो आतून रोडावलेला असतो.

मेलेल्या बदकाचं पोट तपासताना पेषणीपेक्षा अन्ननलिकेवर भरवसा ठेवावा. पेषणीत जाड कवच रेंगाळतं, मऊ किडे लगेच विरघळतात. मग हे बदक निव्वळ शिंपल्यांवर जगतं असा निष्कर्ष निघतो. चुऱ्यातून ओळख मात्र पटते. जांभळट-निळी झाक असलेले, आतून मोत्यासारखे चमकणारे तुकडे मसलचे. पांढुरके, बिजागरीला ठळक दात असलेले तुकडे बहुतेक क्लॅमचे. न्यूक्युलानाला तर बारीक दातांची कंगव्यासारखी ओळच असते. बिजागरीच्या तुकड्यावरून मूळ शिंपल्याची लांबीही काढता येते.

बदकं निघून गेली म्हणजे काय

१९९९-२००० च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या किनाऱ्यालगतच्या उथळ वाडन समुद्रात सुमारे २१,००० आयडर मेले, बहुतेक उपाशी. मसल कमी होते, वाळूत राहणारे कॉकल नावाचे शिंपले कमी होते, आणि बाहेरच्या किनाऱ्यालगतचा स्पिसुला क्लॅमही मासेमारीतून सुटला नव्हता. म्हणजे एक हिशेब तुटीत गेल्यावर दुसऱ्यानं सावरायला जागाच उरली नाही. खेकडे खाऊन दिवस काढावेत, तर त्यांतून काटेरी डोक्याचे परजीवी पोटात जातात. वाडन समुद्रातलं कॉकलचं यांत्रिक खरवडणं पुढे २००५ मध्ये थांबलं.

मसलच्या पट्ट्यावरून बदकांचा थवा हलला, तर कारण सहसा डोळ्यांना दिसतं: लहान-मधले आकार संपून उघडा खडक आणि मोजके जाड मसल उरलेले असतात. क्लॅमच्या वाळूवर वरून काही कळत नाही. थवा हलतो तेव्हा खाली क्लॅम शिल्लक असू शकतात, फक्त विरळ किंवा खोल. त्याची चाहूल आधी लागते ती बुड्यांतून. म्हणून त्याच जागी, त्याच खोलीवर, महिन्यातून एकदा प्रत्येक बुडीचे सेकंद आणि दोन बुड्यांमधले सेकंद लिहून ठेवावेत. दिवसातला खाण्याचा वाटा वाढत चालला असेल, तर ग्रॅब आत्ताच टाकायला हवा, थवा गेल्यावर नव्हे.